पाचटावरचे मोरपिशी मणी

मराठीत 'नाव ठेवणे' आणि 'नावे ठेवणे' यांत फक्त एका मात्रेचे अंतर आहे. पहिले आपण बारशाच्या दिवशी करतो आणि दुसरे उरलेले आयुष्यभर. माणसांच्या बाबतीत निदान क्रम तरी हा असतो. पावसाळ्यात ओल्या जागी जे काही उगवते त्याच्या नशिबी मात्र बारसे नसतेच. तेथे नावे ठेवण्यापासूनच सुरुवात. हिरवे दिसले की शेवाळ, पांढरे दिसले की बुरशी, छत्रीसारखे दिसले की कुत्र्याची छत्री, आणि यांपैकी कशातच बसले नाही तर 'रोग'. एवढ्या चार कप्प्यांत आपण सगळा पावसाळा भरून टाकतो. आणि चौथा कप्पा उघडला की फवारणीचा पंप पाठीवर चढतो.

हा लेख अशाच एका वस्तूच्या बारशाचा आहे. तिचे नाव कळेपर्यंत माझ्या धाकट्या भावाच्या दीड एकर उसावर विषारी औषध मारावे की नाही, आणि तोडणीनंतर रान पुन्हा पूर्वीसारखे पेटवावे की नाही, हे दोन प्रश्न अडून राहिले होते. मी मराठी शिकवते. वनस्पतिशास्त्राशी माझा संबंध संतांच्या तुळशीपलीकडे फारसा गेलेला नाही. परंतु शब्दाचा नेमका अर्थ लावल्याखेरीज पुढची ओळ वाचायची नाही, अशी एक खोड वर्गात शिकवता शिकवता लागते. ती येथे कामाला आली.

पुणे-सोलापूर रस्त्याने जाणाऱ्यांना कुरकुंभ ठाऊक असते ते औद्योगिक वसाहतीमुळे. रासायनिक कारखान्यांचा दर्प मोटारीच्या काचा वर केल्या तरी आत येतो. आम्हा माहेरवाशिणींना मात्र ते फिरंगाई देवीचे गाव. नवरात्रात देवीला जाणाऱ्यांची रीघ लागते, आणि त्या दिवसांत गावाला कारखान्यांचा विसर पडतो. दौंड तालुक्याचा हा भाग पर्जन्यछायेतला. सह्याद्रीने पाऊस आधीच अडवून घेतलेला असतो. आमच्या वाट्याला वर्षाकाठी जेमतेम अठरा-वीस इंच, आणि त्यातलाही मोठा हिस्सा परतीच्या सरींचा. विहिरीच्या पाण्यावर ऊस करणाऱ्याला ओलावा हीच दौलत.

ऊस तुटला की रानात वाळलेल्या पानांचा थर उरतो, त्याला पाचट म्हणतात. हेक्टरी आठ-दहा टन सहज भरते. ते पेटवून द्यायचे, ही पिढ्यांची रीत. संध्याकाळी सगळे शिवार लाल दिसते आणि सकाळी काळे. अलीकडे कृषी खाते आणि मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट सांगत आली आहेत की पाचट जाळू नका. सरीत पसरून ठेवा, कुजू द्या. ओल टिकते, तण दबते, जमिनीला खत मिळते. माझ्या भावाने २०२४ च्या खोडव्याला प्रथमच हे ऐकले. शेजारच्यांनी ताबडतोब भविष्य वर्तवले, "उंदीर होतील, साप होतील, कीड पडेल." उंदीर-साप नेहमीइतकेच राहिले. कीड मात्र सप्टेंबरच्या अखेरीस पडली, असे सर्वांना वाटले.

"ताई, उसात पांढरं पडलंय," भावाचा फोन आला.

ऊस करणाऱ्या घरात या वाक्याने पोटात गोळा येतो. २००२ साली पश्चिम महाराष्ट्रात लोकरी मावा आला तेव्हा असेच पांढरे पडले होते. पानाच्या मागे कापूस पिंजून चिकटवावा तशी ती कीड दिसे आणि पाहता पाहता फडच्या फड झाकून टाकी. तेव्हाचे नुकसान आठवणारी माणसे अजून कर्ती आहेत. त्यामुळे शेजारच्या नानांनी बांधावरूनच निकाल दिला : मावाच आहे, आत्ता औषध मारा, आणि तुटला की पाचट पेटवा. औषधांच्या दुकानदाराने तर फोटो पाहून दोन बाटल्यांचे मिश्रणही काढून ठेवले होते. माझ्या भाच्याने फोनमधल्या ओळख सांगणाऱ्या सोयीला तोच फोटो तीन बाजूंनी दाखवला. तिने एकदा कीटकाची अंडी म्हटले, एकदा बुरशी आणि तिसऱ्यांदा अमेरिकेतल्या कुठल्याशा भूछत्राचे नाव सांगितले. तिन्ही वेळा आत्मविश्वास सारखाच!

शनिवारी, २८ तारखेला, मी कुरकुंभला पोहोचले. घटस्थापना पाच दिवसांवर आली होती. ऊस डोक्यावरून वर गेलेला. आत शिरले की दिवसाढवळ्या तिन्हीसांज. पायांखालचे पाचट भिजून काळे पडले होते. त्यावर जागोजागी दूध सांडून साय धरावी तसे पांढरे जाळे पसरले होते, आणि त्याच्या कडेने, पाचटाच्या पानांवर, उसाच्या कांड्यांवर वीतभर उंचीपर्यंत, खालच्या हिरव्या पानांवरही, भिजवलेल्या साबुदाण्यापेक्षा बारीक असे पांढरे दाणे दाटीने बसले होते. बोट लावले की दाणा फुटून ओले पांढरे लागे. पाय नाहीत, पंख नाहीत, पळापळ नाही.

मग भाच्याने एक गोष्ट दाखवली आणि माझ्या मते अर्धा खटला तेथेच निकालात निघाला. ठिबकची काळी नळी सरीतून गेली होती. तिच्यावरही तेच दाणे, तितक्याच दाटीने, बसले होते.

उसाला रोग होतो, नळीला होत नाही. जी वस्तू उसावर आणि प्लॅस्टिकवर सारख्याच आनंदाने बसते ती उसाचा रस पिण्यासाठी तेथे आलेली नसणार. तिला केवळ उंच जागा हवी असणार. नानांना हे सांगितले तेव्हा ते थोडा वेळ नळीकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "नळीचं काय सांगता, बाई, आजकाल कशालाबी काय बी होतं." तरी त्यांचा आवाज खाली आला होता.

पाचटाची चार पाने मी डब्यात घालून रात्री ओसरीवर ठेवली. पहाटे भावजयीने हाक मारली, "वन्सं, उठा, साबुदाणा काळा पडला बघा." डब्यातले पांढरे दाणे नाहीसे झाले होते आणि त्यांच्या जागी, पांढऱ्याशुभ्र बारीक काड्यांवर उभे, जांभळट-निळे मणी चमकत होते. डबा कलता केला की निळ्यात हिरवे येई, हिरव्यात तांबूस सोनेरी. मोराच्या मानेवर ऊन पडावे तसे. शिवाय काही मणी डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूस होते. आदल्या संध्याकाळी तेथे काहीच नव्हते. म्हणजे रात्रीत त्या पांढऱ्या सायीतला थोडा भाग चालत झाकणापर्यंत गेला होता आणि तेथे मणी होऊन थांबला होता.

चालणारी बुरशी मी ऐकली नव्हती. रूप बदलणारा मावाही नाही. भावाला म्हटले, "आठ दिवस थांब. बाटल्या फोडू नकोस." तो थांबायला तयार झाला, पण आठच दिवस. त्याच्या जागी मी असते तर मीही तितकेच थांबले असते. मणी लागलेल्या पानांचे तुकडे सावलीत सुकवून काडेपेट्यांत घातले आणि पुण्याला आणले. आमच्या महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचे एक सहकारी आहेत. त्यांनी काडेपेटी उघडली, भिंग डोळ्याशी धरले आणि "वा!" म्हणून खुर्ची पुढे ओढली.

हा जीव वनस्पती नव्हे, प्राणी नव्हे आणि बुरशी तर मुळीच नव्हे. इंग्रजीत त्याच्या जातीला 'स्लाइम मोल्ड' म्हणतात, शास्त्रज्ञ 'मिक्सोमायसीट' म्हणतात. मराठीत 'चिकट बुरशी' किंवा 'श्लेष्मकवक' म्हणता येईल. पण त्या नावांत जो खोटेपणा शिरतो तो मूळ नावांतही आहेच. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आन्टोन द बारी या जर्मन शास्त्रज्ञाने याच्या बीजाणूंतून काय बाहेर येते ते पाहिले आणि त्याला बुरशीत बसवायचे नाकारले. बीजाणू ओला झाला की त्यातून बुरशीचा धागा निघत नाही, तर अमीबासारखा सरपटणारा किंवा शेपट्या हलवीत पोहणारा सूक्ष्म जीव निघतो. आज त्याची गणना अमीबाच्याच गोतावळ्यात होते.

असे दोन जीव एकत्र आले की पुढची गंमत सुरू होते. त्यांच्या संयोगातून झालेला जीव खात जातो, वाढत जातो. आतले केंद्रक दुभंगून दोनाचे चार, चाराचे आठ, असे हजारोंवर जातात, पण मध्ये भिंत काही घातली जात नाही. भाऊ-भाऊ वाढले तरी चूल एकच राहावी, तशी ही एकाच पेशीतली खटल्याची मंडळी. या भिंती नसलेल्या सायीला प्लाझ्मोडियम म्हणतात. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या शिरांतला रस एका दिशेने वेगाने वाहताना दिसतो, मग थबकतो आणि उलट फिरतो. साधारण दर मिनिटाला हे चालते. अशा हेलकाव्यांनी सारी साय पुढे सरकते, तासाला एखादा सेंटिमीटर किंवा थोडी अधिक. वाटेत येणारे जिवाणू, यीस्ट, बुरशीचे बीजाणू ती गिळून टाकते. पाचट कुजवणारे हे सूक्ष्म जीव हेच तिचे जेवण. उसाला ती तोंडही लावत नाही.

जेवण संपले, किंवा पाणी कमी होऊ लागले, की दोनच मार्ग. एक, सुकून कडक पापुद्रा होऊन पडून राहायचे आणि पुन्हा ओल मिळताच जागे व्हायचे. दुसरा, अंधारातून उजेडाकडे, खालून वर चढून, सगळ्या शरीराचे मणी करायचे आणि मण्यांत बीजाणू भरून वाऱ्यावर सोडून द्यायचे. आमच्या उसात शनिवारी रात्री जे घडले ते हे दुसरे. कांडी, पान, नळी, डब्याचे झाकण : तिच्या दृष्टीने सगळ्या सारख्याच गच्च्या.

हिच्याच एका पिवळ्या नातेवाइकाने, फायझेरम पॉलिसेफॅलम याने, जपानात नाव काढले आहे. तोशियुकी नाकागाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली त्याला चक्रव्यूहात सोडले आणि दोन टोकांना ओटचे दाणे ठेवले. त्याने प्रथम सगळ्या वाटा भरल्या, मग आडवाटांतून अंग काढून घेतले आणि जवळच्या वाटेने दोन्ही घासांना जोडणारी एकच शीर ठेवली. २०१० मध्ये त्यांनी टोकियोच्या आसपासच्या गावांच्या जागी दाणे मांडून पाहिले. एका दिवसाच्या आसपास त्या बिनमेंदूच्या गोळ्याने जे जाळे विणले ते टोकियोच्या लोहमार्गांच्या तोडीचे निघाले. दौंडकरांना यात विशेष रस वाटावा. पुण्याहून मनमाडकडे जाणारी गाडी दौंडला आली की इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावायचे, हा सोहळा आम्ही लहानपणी खिडकीतून कितीदा पाहिला! त्या गोळ्याला आधी विचारले असते, तर इतकी वर्षे लागली नसती.

असो. जातकुळी कळली तरी नाव कळले नव्हते, आणि सहकाऱ्यांचा आग्रह असा की नावापर्यंत जायचे. यासाठी शास्त्रज्ञ एक किल्ली वापरतात. किल्ली म्हणजे प्रश्नांची साखळी. प्रत्येक प्रश्नाला दोनच उत्तरे, आणि प्रत्येक उत्तर पुढच्या प्रश्नाकडे नेते. मला ती फार ओळखीची वाटली. समास सोडवताना आम्ही हेच करतो.

पहिला प्रश्न : बीजाणूंची भुकटी गडद की उजळ? मणी सुईने फोडला, पांढऱ्या कागदावर झटकला. जांभळट-तपकिरी, जवळजवळ काळी. त्यामुळे पिवळ्या, गुलाबी, तांबूस भुकटीची सगळी घराणी बाद झाली.

दुसरा : चुना आहे काय, आणि असल्यास कोठे? या वर्गातल्या बऱ्याच जाती अंगावर चुना बाळगतात. फायझेरममध्ये तो कवचावर कणाकणांनी असतो, डिडीमियममध्ये बारीक स्फटिकांनी, साखर भुरभुरावी तसा. आमच्या मण्याचे कवच स्वच्छ, चमकदार, चुन्याचा ठिपका नाही. पण पांढऱ्या देठावर सौम्य आम्लाचा थेंब सोडताच भिंगाखाली बुडबुडे फसफसून वर आले. देठात चुना, डोक्यात नाही. हेच या कुळाचे लक्षण. त्यावरून पंडितांत वादही झालेले आहेत : डोके पाहून कोणी त्याला बिनचुन्याच्या गणात घाली, पाय पाहून कोणी चुनेवाल्यांच्या. डोके पाहायचे की पाय, हा प्रश्न स्थळे पाहणाऱ्या आमच्याकडच्या मावशांनाही पडत आलेला आहे.

तिसरा : देठ मण्याच्या तळाशी संपतो की आत जातो? मणी उभा चिरला तेव्हा पांढरा देठ आत खांबासारखा बराच वर गेलेला दिसला, आणि त्या खांबापासून तपकिरी तंतूंची जाळी चहूकडे पसरलेली. त्या जाळीत बीजाणू अडकलेले. कवच इतके पातळ की फुंकरीने उडावे.

येथवर कूळ निश्चित झाले : डायाकिया. आता या कुळातली कोणती? दोन-तीन बहिणी दिसायला सारख्या आहेत. डायाकिया स्प्लेन्डेन्सही असाच निळा झगझगीत मणी करते. निर्णय बीजाणूंवर होतो. मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली आमचे बीजाणू गोल, सुमारे आठ मायक्रॉनचे निघाले. एका मिलिमीटरच्या रेषेत असे सव्वाशे बसतील. स्प्लेन्डेन्सच्या बीजाणूवर मोठाले खडबडीत उंचवटे असतात. आमच्यावर होती ती अगदी बारीक पुरळ, डोळा ताणल्याखेरीज न दिसणारी. मण्यांचा आकारही नुसता गोल नव्हता, जरासा लांबट. उंची देठासकट दीड मिलिमीटरच्या आसपास. सहकाऱ्यांनी दोन पुस्तके उघडून चित्रांशी ताडून पाहिले, दुसऱ्या काडेपेटीतला नमुना काढून सगळे पुन्हा केले, आणि मगच वहीत लिहिले : डायाकिया ल्यूकोपोडिया.

मी लगेच अर्थ विचारला. ग्रीकमधून आलेले नाव आहे. 'ल्यूको' म्हणजे पांढरा, 'पोड' म्हणजे पाय. पांढऱ्या पायाची! संस्कृतात 'श्वेतपादा' म्हणावी. निळ्याजांभळ्या डोक्याच्या या सुंदरीचे नाव फ्रान्सच्या ब्युलियार्डने १७९१ मध्ये ठेवले ते तिच्या पायांवरून, आणि शास्त्राच्या दृष्टीने ते बरोबरच होते. रंगाचा भरवसा नसतो. त्या मोरपिशी कवचात निळा रंग नाहीच, हे आर्जेन्टिनातल्या संशोधकांनी २०१० मध्ये मोजून दाखवले. साबणाच्या फुग्यावर किंवा पावसात रस्त्यावर सांडलेल्या तेलावर जसे रंग खेळतात तसे ते कवचाच्या पातळपणाचे खेळ आहेत. पाय मात्र खरोखर चुन्याचा.

या नावामागची माणसेही माझ्या मनात घर करून बसली. ब्युलियार्डने ठेवलेले नाव आजच्या कुळात आणून बसवले ते युझेफ रोस्तफिन्स्की या तरुण पोलिश शास्त्रज्ञाने, १८७४ मध्ये. द बारीचा हा शिष्य. पोलंड तेव्हा तीन साम्राज्यांत वाटला गेलेला होता. अशा वेळी त्याने या जीवांवरचा आपला मोठा ग्रंथ लिहिला तो जर्मनमध्ये नव्हे, फ्रेंचमध्ये नव्हे, पोलिशमध्ये. जगातल्या तज्ज्ञांना त्याच्याकडे पाठ फिरवता येईना, आणि वाचता तर येईना. शेवटी इंग्लंडच्या कुक यांनी त्यातला काही भाग इंग्रजीत करून १८७७ मध्ये छापला. मराठीतून विज्ञान लिहिता येईल का, यावर परिसंवाद भरले की मला आता रोस्तफिन्स्की आठवतो.

पुढे हे काम इंग्लंडमधल्या एका घराने केले. आर्थर लिस्टर हे शस्त्रक्रियेत जंतुनाशके आणणाऱ्या जोसेफ लिस्टरांचे धाकटे भाऊ. त्यांनी १८९४ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्यामागे मुलगी गुलिएल्मा हिने तो सुधारून १९११ व १९२५ साली पुन्हा काढला. लंडनच्या लिनियन सोसायटीने १९०४ मध्ये प्रथमच स्त्रियांना सभासद करून घेतले, त्या पहिल्या तुकडीत या बाई होत्या. जपानहून मिनाकाता कुमागुसु हा विक्षिप्त विद्वान त्यांना नमुने पाठवी. त्याच्या अंगणातल्या झाडावर एक नवीच जात निघाली, तिला बाईंनी १९२१ मध्ये त्याचेच नाव दिले. याच मिनाकाताने १९२९ मध्ये सम्राट हिरोहितोंना ११० नमुने नजर केले, आणि ते कशात? तर कॅरमेलच्या गोळ्यांच्या खोक्यांत. दरबारी मंडळींचे चेहरे काय झाले असतील! आमच्या काडेपेट्यांची लाज वाटायचे कारण उरले नाही.

भारतातही हे शास्त्र पोरके नाही. के. एस. थिंद यांचा भारतातल्या या जीवांवरचा ग्रंथ १९७७ चा, लखनपाल आणि मुखर्जी यांचा १९८१ चा. आणि २०१२ मध्ये रानडे, कोराडे, जगताप व रणदिवे यांनी देशभरच्या नोंदींची सूची 'जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा'मध्ये छापली. नावे वाचताच आपल्या घरातल्यासारखे वाटते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत आजरेकरांच्या नावाचे बुरश्यांच्या नमुन्यांचे संग्रहालय आहे, हेही मला या निमित्तानेच कळले. त्या रस्त्याने मी कित्येक वर्षे जाते-येते आहे. आमची श्वेतपादा भारताला नवी नाही, बऱ्याच प्रांतांतून तिची नोंद आहे. हे ऐकून भाचा हिरमुसला. नव्या जातीला कुरकुंभचे नाव द्यायचे त्याने मनात पक्के केले होते.

आठव्या दिवशी मी भावाला फोन केला. औषध मारू नकोस. ती पाचटावरचे जिवाणू खाते, उसाला धक्का लावत नाही. नकोच असेल तर पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन जाईल. तो म्हणाला, "धुवायचं काय, आता नुसती काळी पूड राहिलीया." बाटल्या दुकानात परत गेल्या. दाट उसात, नाकातोंडाशी पाने लागत असताना, पंप पाठीवर घेऊन विष उडवायचे काम त्याच्यामागचे टळले. पैशांपेक्षा मला त्याचे अधिक वाटले. नानांचे म्हणणे असे की ऊन पडले म्हणून गेले. त्यात असत्य काहीच नाही.

मात्र यावरून उसात पांढरे दिसले की हसून सोडून द्यावे असे कोणी समजू नये. लोकरी मावा खरा शत्रू आहे. तो पानाच्या मागच्या बाजूला, मधल्या शिरेच्या कडेने बसतो. त्याच्या खालच्या पानांवर चिकट गोड थर आणि त्यावर काजळी धरते. काडीने ढोसले तर पाय हलवतो. शेंड्यातून काळा चाबूक निघाला तर ती काणी, ते बेट उपटून नष्ट करावेच लागते. ओळख पटवायची ती औषध वाचवण्यासाठी जशी, तशी वेळेवर वापरण्यासाठीही. तोडणी २०२५ च्या फेब्रुवारीत झाली. पाचट पेटवायचे की नाही यावर घरात एक संध्याकाळ वाद झाला आणि भावजयीच्या मताने ते राहिले. तिने एवढेच विचारले होते, "जाळलं तर ती पांढऱ्या पायाची खाणार काय?"

शहरातल्या वाचकांनाही हे प्रकरण दूरचे नाही. गॅलरीतल्या कुंडीत काथ्याचा भुसा घातला असेल तर एखाद्या दमट सकाळी त्यावर पिवळाधमक फेस आलेला दिसतो. तो फ्युलिगो सेप्टिका, श्वेतपादेचाच नातलग. १९७३ साली अमेरिकेत डॅलसजवळच्या एका अंगणात तो उगवला तेव्हा परग्रहावरून काही आले अशी आवई उठली होती. झाडाला त्यापासून इजा नाही. ज्यांना दमा आहे किंवा ॲलर्जीचा त्रास आहे त्यांनी वाळलेली पूड उडवू नये, इतकेच. नको असेल तर ओला असतानाच खरवडून टाकावा.

आणि ज्यांच्या घरी हौशी मुले आहेत त्यांच्यासाठी : नमुना घ्यायचा तो मणी पूर्ण पिकल्यावर, पानाच्या तुकड्यासकट. पंख्याखाली नको, पूड उडते; सावलीत दोन दिवस सुकवावा. काडेपेटीच्या तळाला डिंकाने चिकटवावा, नाहीतर हलवाहलवीत मणी मोडतात. जवळ डांबराची गोळी ठेवावी, कारण सूक्ष्म किडे बीजाणू खाऊन टाकतात. वर गाव, तारीख आणि कशावर सापडले ते लिहावे. शाईने नव्हे, पेन्सिलीने. आमच्या पेटीवर 'कुरकुंभ, २९ सप्टेंबर २०२४, उसाचे पाचट' असे आहे आणि खाली भाच्याने लहान अक्षरांत 'व ठिबकची नळी' अशी भर घातली आहे.